मायच्या वाटणीचा घास

माझ्या धाकट्या भावाला दोन नावं होती. माय त्याला गोविंद म्हणायची, मोठी माय खंडू म्हणायची, आणि तो दोन्ही हाकांना ओ द्यायचा. हाक कुठल्याही नावाची असली तरी ताटात काहीतरी पडणार, एवढं त्याला पक्कं कळलं होतं. माय म्हणजे आमची आई, सुमन. मोठी माय म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको; माय तिला 'बाई' म्हणायची. चुलते मी रांगत असतानाच वारले. मोठ्या मायला मूलबाळ नव्हतं, आणि आम्ही दोघं तिच्याच अंगाखांद्यावर वाढलो. पालमपासून पायी तासाभरावर आमचं गाव. थोडी कोरडवाहू जमीन, त्यात ज्वारी आणि तूर, आणि वाड्यात चाळीसेक शेरडं-मेंढरं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांचा बहुतेक दिवस मेंढरांमागं जायचा, त्यामुळं घर खरं म्हणजे त्या दोघी जावांचं होतं.

आणि घरात चुली दोन होत्या. मायचं माहेर गंगाखेडजवळ, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या काठचं, महानुभाव पंथाचं. लग्नाआधीच तिनं उपदेश घेतलेला. म्हणजे मटण-अंडं तर नाहीच, पण दुसऱ्या कुठल्या देवाला दाखवलेला नैवेद्यही खायचा नाही, मग तो नुसता गूळ-खोबऱ्याचा का असेना. सोयरीक जमवताना मायच्या वडिलांनी हे सांगितलं नाही, की सांगूनही आमच्याकडच्यांनी ऐकलं नाही, याबद्दल दोन्ही घरांत अजून दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. एवढं खरं, की नवी नवरी घरात येऊन पाच दिवस नुसत्या दूध-भाकरीवर राहिली आणि सहाव्या दिवशी मोठ्या मायनं स्वतःच्या हातानं माती कालवून तिला आत वेगळी चूल घालून दिली. स्वतःची चूल तिनं बाहेर पत्र्याखाली नेली. तेव्हापासून आत मायची, बाहेर मोठ्या मायची. आतून पहाटे नामस्मरणाचा बारीक आवाज यायचा आणि त्यात मिसळून भाकरी थापल्याचा. बाहेरून खलबत्त्यात काळं तिखट कुटल्याचा आणि कुत्र्याला हाकलल्याचा. मायचं वरण पातळ, लसणाची फोडणी दिलेलं, त्यात भाकरी कुस्करून खायची. मोठ्या मायच्या कालवणानं नाक गळायला लागायचं. आम्ही दोन्हीकडं जेवायचो. लेकरं बापाच्या घरची, त्यांना सगळं चालतं, असं ठरलेलं होतं. फक्त बाहेर मटण खाल्लं की राखेनं हात घासून, चूळ भरून, कपडे बदलून मगच आत यायचं.

चालतं आणि चालत नाही, या दोन शब्दांत माझं बालपण गेलं म्हटलं तरी चालेल. उपवासाला मिरची चालते, हळद चालत नाही. शेंगदाणा चालतो, हरभरा चालत नाही. भगर चालते, ज्वारी चालत नाही, आणि दोन्ही उगवतात एकाच मातीत. मोठी माय सोमवार, गुरुवार, शनिवार मटणाला हात लावायची नाही. चातुर्मासात कांदा-वांगं बंद करायची, ते थेट चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवीपर्यंत. ते भरीत मायला चालायचं नाही. पण त्याच वाफ्यातली वांगी तिनं आपल्या चुलीत भाजली तर चालायची. मी एकदा विचारलं, "वांगं तर एकच हाय की गं माय." ती म्हणाली, "वांगं एकच हाय. त्याच्यावर नाव कुणाचं घेतलंय ते बगायचं." मी वांगं उलटंपालटं करून पाहिलं. मला त्याच्यावर कुणाचंच नाव दिसलं नाही.

पुढं मी तीस वर्षं अंगणवाडीत काढली. लेकरांना अंडी वाटायचे दिवस आले तेव्हा बायका दारात येऊन उभ्या राहायच्या. "बाई, आज गुरुवार हाय, माज्या लेकराला देऊ नका." दुसरी म्हणायची, "आमच्यात चालत न्हाई, पर डागदर म्हणले, तुमी घरी सांगू नका." कागदावर सगळं सोपं असायचं, इतक्या वयाला इतकं. समोर बाई उभी राहिली की मी पुन्हा अकरा वर्षांची व्हायचे. आता परभणीत मुलाकडं राहते. नात पुण्याहून येते आणि म्हणते, आजी, मी दूधसुद्धा सोडलंय. मी म्हणते, बरं. दुसरं काय म्हणणार?

तर मी अकरा वर्षांची आणि गोविंद तीन वर्षांचा असताना त्याला गोवर निघाला. मोठी माय गोवर म्हणायची नाही, 'बाया आल्यात' म्हणायची. बाया घरात असताना फोडणी द्यायची नाही, तळायचं नाही, मटण तर दारातसुद्धा आणायचं नाही. त्या नऊ दिवसांत आमच्या घरी पहिल्यांदा सगळ्यांचं एकाच चुलीवर शिजलं. मऊ भात, बिनफोडणीचं वरण, ताक. दोघी जावा एकाच भांड्यातून वाढून घेत होत्या आणि मला वाटत होतं, असंच राहिलं तर किती बरं! लगेच वाटायचं, पण मग गोविंद कायम आजारीच राहील. गोवर गेला, पण त्याची छाती भरली. श्वास घेताना बरगड्या आत जायच्या. दादा आणि माय त्याला घेऊन परभणीच्या दवाखान्यात गेले आणि पंधरा-वीस दिवस तिकडंच राहिले. मागं मी आणि मोठी माय. तिचं जेवण तुटलं होतं. एका सकाळी तिनं मला सोबत घेतलं, गावाबाहेरच्या लिंबाखाली लक्ष्मीआईच्या दगडापुढं पदर पसरला आणि बोलली, "माजं लेकरू माज्या पदरात घाल, आई. बोकडाची कंदुरी करीन. गावाला जेवण घालीन."

गोविंद बरा होऊन आला. तिकडं डॉक्टरांनी सुया दिल्या होत्या. मायनं उशाशी बसून अखंड नाम घेतलं होतं. इकडं मोठी माय नवस बोलली होती. कुणामुळं बरा झाला, हे मला आजही ठरवता येत नाही. घरात मात्र तिघांच्याही वाटा धरून चालायचं ठरलं. डॉक्टरांच्या गोळ्या चालू राहिल्या, मायचं पारायण चालू राहिलं, आणि आषाढातला मंगळवार पाहून कंदुरी ठरली.

इथवर सगळं ठीक होतं. माय कंदुरीला कधीच जायची नाही आणि तिला कुणी बोलवायचंही नाही. पण आदल्या दिवशी लक्ष्मीआईचा म्हातारा भगत घरी आला आणि चहा पिता पिता म्हणाला, "ज्या लेकरासाठी बोललं त्या लेकराच्या मायनं परसादाचा घास खाल्ला पायजे. ध्यानात ठिवा. न्हाई तर आई मागं फिरती." मोठ्या मायच्या हातातली बशी थांबली. आत मायच्या चुलीपुढचा आवाज थांबला. दादा उठले, काठी घेतली आणि, "तुमचं तुमी बगा," म्हणून मेंढरांकडं गेले. अशा वेळी दादांना मेंढरांची फार आठवण यायची.

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली सारा गाव जमला होता. मोठ्या डेगीत कालवण रटरटत होतं, बायका कडेला बसून भाकरी करत होत्या. नैवेद्य दाखवून झाला, पंगत बसली. मोठ्या मायनं वाटीत काळजाचा एक तुकडा आणि थोडा रस्सा घातला, वर चतकोर भाकरी झाकली आणि वाटी माझ्या हातात दिली.

"शके, ही तुज्या मायकडं घिऊन जा. तिला म्हणावं, एक घास. नुसता ओठाला लाव. मी तिला आजवर काई मागितलं न्हाई."

मी वाटी सांभाळत घरी आले. माय आत चुलीपुढं बसली होती. चूल पेटलेली नव्हती. गोविंद तिच्या मांडीवर झोपला होता. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून निरोप सांगितला.

"थितंच ठेव," ती म्हणाली.

मी वाटी ओट्यावर ठेवली. तिनं भाकरीच्या कडेनं दिसणाऱ्या रश्श्याकडं पाहिलं, मग गोविंदकडं, मग देव्हाऱ्याकडं. मग माझ्याशी नाही, पण मला ऐकू येईल असं म्हणाली, "खाल्लं तर माजा देव सुटतो. न्हाई खाल्लं आन लेकराला काई झालं, तर बाई मला काय म्हणतील? मीच मला काय म्हणीन?" तिनं डोळे मिटून घेतले. ओठ हलायला लागले. रस्सा गार होत चालला, वर तवंग गोठून पांढरा झाला. वाटेवरून कुणीतरी ओरडलं, "ए शके, झालं का? तुजी मोठी माय अजून जेवली न्हाई, वाट बगायलीय."

मी वाटी उचलली. माय डोळे मिटूनच होती. कडब्याच्या गंजीमागं गेले आणि ते काळीज भाकरीत धरून दोन घासांत गिळलं. माझा हिशेब सरळ होता. मी मायच्या पोटातून आले, तेव्हा माझ्या पोटात गेलं ते तिच्याच पोटात गेल्यासारखं. मग धावत लिंबाखाली गेले आणि रिकामी वाटी पुढं धरून म्हणाले, "मायनं खाल्लं."

बायकांनी हात जोडले. भगतानं भंडारा उधळला. मोठी माय जेवायची थांबली होती, ती तशीच उठून घराकडं धावत सुटली, मी तिच्यामागं. घरात शिरून तिनं मायला गच्च मिठी मारली. कधी नव्हे ते चप्पल घालून, मटणाच्या हातांनी. "सुमे, माजं लेकरू राखलंस गं. माज्यासाठी आपला देव बाजूला ठिवलास." तिच्या खांद्यावरून मायनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या ओठाच्या कडेला रस्सा लागलेला असावा. तिला सगळं कळलं, हे मला कळलं. आता ती बोलेल, असं वाटून मी हाताच्या पाठीनं ओठ पुसले. तिनं तोंड उघडलं, मोठ्या मायच्या हुंदक्यांकडं पाहिलं आणि मिटलं. मग हळूच तिच्या पाठीवर हात ठेवला.

मला वाटलं, सगळं नीट झालं. नवस फिटला, मायचा देव राहिला, सगळे खूश. पण गावातून पालमच्या बाजाराला जाणारी माणसं होती आणि बाजारात गंगाखेडकडची माणसं येत होती. आठ दिवसांत मामा आला. नेहमी यायचा तसा पिशवीभर शेंगा घेऊन नाही, मोकळ्या हातानं. पाणी दिलं तर तांब्या जागीच राहू दिला. उभ्या उभ्या म्हणाला, "ऐकलं ते खरं हाय का?"

मायनं तांब्या उचलून पुन्हा त्याच्यापुढं ठेवला.

"नुसतं न्हाई म्हण, सुमन. तुज्या शब्दावर मी इस्वास ठिवीन."

बाहेर पत्र्याखाली मोठी माय गोविंदला भरवत होती. ती गुणगुणत होती. कित्येक महिन्यांनी गुणगुणत होती. माय तिकडंच पाहत राहिली.

मामाचा चेहरा पडला. "मंग आता माहेरी आलीस तर चुलीला हात लावू नको. तुजं ताट येगळं राहील. मला बी लय वाईट वाटायलंय." एवढं बोलून तो गेला, आणि माय त्या पंचमीला माहेरी गेली नाही.

मला काहीच कळेना. जिनं खाल्लं नाही तिचं ताट वेगळं झालं होतं. जिनं खाल्लं ती रोज आत बसून मायच्या हातचं वरण-भाकरी खात होती. माय मला रागावलीही नाही. रागावली असती तर निदान कोण चुकलं ते तरी ठरलं असतं. मी एकदा म्हणाले, "माय, मी सांगून टाकते." ती म्हणाली, "आन तुजी मोठी माय? तिला परत झोप लागंल का?" आणि मला सोलायला लसूण दिला.

भाद्रपदात गोविंदला पुन्हा ताप आला. अंग थडथड उडायला लागलं. भगताचे शब्द माझ्या डोक्यात घुमायला लागले. मी आतलं जेवण टाकलं, बाहेरचंही टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी माय भाकरी करत होती. तिच्यापुढं जाऊन बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, मामा येऊन काय बोलला तेसुद्धा.

तिचे हात परातीत थांबले. तव्यावरच्या भाकरीचा जळका वास यायला लागला तरी तिनं ती उलटली नाही.

"काळीज तू खाल्लंस?"

"हं."

"तिनं बोट बी लावलं न्हाई?"

"न्हाई."

"आन मी तिच्या गळ्यात पडले तवा ती गप बसली."

मी रडायला लागले. म्हणाले, "आता आई मागं फिरंल का गं?"

मोठ्या मायनं जळकी भाकरी उचलून बाजूला टाकली. चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग विचारलं, "भगत काय म्हणला व्हता? नीट सांग."

"लेकराच्या मायनं घास खाल्ला पायजे."

"आन मी तुमची कोण?"

"मोठी माय."

"मी त्या दिशी खाल्लं की. पोटभर खाल्लं." तिनं पदरानं माझं नाक पुसलं. "मोठी का व्हईना, मायच हाय ना मी? लक्ष्मीआईला एवढं कळत नसंल, तर तिनं देव कशाला व्हावं?"

हे तिनं मला धीर यावा म्हणून म्हटलं, की तिला खरंच तसं वाटलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. दादांनी त्याच दिवशी गोविंदला पालमच्या डॉक्टरकडं नेलं. हिवताप निघाला, गोळ्या दिल्या, चार दिवसांत तो वासरांमागं पळायला लागला. पाचव्या दिवशी मोठ्या मायनं पहाटे अंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसली आणि मला म्हणाली, "चल. तुज्या मामाकडं जायाचं हाय. तोंड तुजं लागंल." तिनं आयुष्यात कधी एकटीनं एसटीत पाय ठेवला नव्हता. गंगाखेडपर्यंत ती माझा हात धरून बसली, आणि कंडक्टरनं घंटी ओढली की दर वेळी दचकली.

मामाच्या घरी त्या दिवशी पंथाच्या आश्रमातले एक वृद्ध बाबा आले होते. मोठी माय ओसरीच्या पायरीखालीच उभी राहिली. "मी वर येत न्हाई. आमच्यात सगळं खातेत. एवढं सांगायला आले की सुमननं खाल्लं न्हाई. ह्या पोरीनं खाल्लं आन खोटं सांगितलं."

बाबांनी मला जवळ बोलावलं. "का खाल्लंस बाळा?"

मला एवढंच सुचलं, "कुणीतरी खायचंच होतं."

मामा कासावीस झाला. "मंग ती मला न्हाई का म्हणली न्हाई? मी तिच्यापुढं हुबा राहून इचारलं."

"ती न्हाई म्हणली असती," मोठी माय म्हणाली, "तर मी रोज लेकराच्या अंगाला हात लावून बगत बसले असते, ताप आला का म्हणून. माज्या जिवासाठी गप बसली ती. तिचं ताट तुमी येगळं केलं, मला कुणी सांगितलं बी न्हाई. ती काय अन् कुणासाठी सोसायलीय, ते मला घरात राहून दिसलं न्हाई." मग तिनं हात जोडले. "तिला माहेर परत द्या. मी तुमच्या पाया पडते."

मामा पायरी उतरून खाली आला. बाबा त्याला म्हणाले, "खाल्लंच नाही तर प्रायश्चित्त कशाचं? जा, बहिणीला घेऊन ये." मग मोठ्या मायकडं वळून म्हणाले, "बाई, वर येऊन बसा. उन्हाच्या आल्यात." ती वर आली नाही. मामीनं पायरीवरच पत्रावळ मांडली. मामा तिच्याशेजारी खाली मातीत बसला आणि जेवला. पुढं पंथातल्या कुणी त्याला त्यावरून नावं ठेवली म्हणतात. मला आठवतं ते एवढंच, की मोठी माय जेवताना पुन्हा पुन्हा विचारत होती, "ह्याला कुठल्या देवाचं नाव घेतलेलं न्हाई ना?" आणि मामा म्हणत होता, "तुमचं घेतलंय. खा आता."

माय दिवाळीला माहेरी गेली, चुलीपुढं बसली. घरात त्या गोष्टीचा विषय पुन्हा निघाला नाही. मला कुणी शिक्षा केली नाही, याचंच ओझं राहिलं.

मोठी माय खूप जगली. शेवटच्या वर्षी अंगात रक्त राहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, बोकडाच्या पायांचं अळणी पाणी द्या, बिनतिखटाचं, ताकद येईल. गोविंद कामासाठी बाहेरगावी असायचा, दादा केव्हाच गेले होते, आणि मी बातमी कळून पहिल्या एसटीनं गावी पोचले. पाहते तर पत्र्याखाली चूल पेटलेली आणि चुलीपुढं माय. सत्तरीची माय. नाकाला पदर लावून ती पातेल्यात पळी फिरवत होती. शेजारणीकडून विचारून विचारून तिनं ते रांधलं होतं. मला पाहून म्हणाली, "शके, बरी आलीस. मीठ बग जरा. मला काई कळंना." मी पळीतलं हातावर घेऊन चाखलं. थोडं कमी होतं. तिनं चिमूटभर घातलं, पाणी फुलपात्रात गाळलं आणि आत जाऊन मोठ्या मायला उठवून भिंतीला टेकवलं.

मोठ्या मायनं एक घोट घेतला. थांबली. फुलपात्राकडं पाहिलं, मग मायच्या हातांकडं.

"सुमे, हे तू केलंस?"

"हं."

"आता तुजं कसं व्हायचं गं?"

माय तिच्या हनुवटीवरून ओघळलेला थेंब पदरानं पुसत म्हणाली, "माजं काय व्हायचं ते व्हईल, बाई. तुमी प्या. गार व्हायलंय."